काता आणि स्वसंरक्षण: ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीकडे कराटे शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि ऑफिस सुटल्यावर क्लासला येणारी मोठी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या चालींची मालिका. आम्ही शोतोकान ही कराटेची शैली शिकवतो, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिच्यातल्या हेइआन आणि तेक्की काताची आहेत. तुमची शैली वेगळी असेल तरी विचार तोच लागू होतो.

काता म्हणजे हवेत हातपाय हलवणं. अंगावर कोणी धावून आलं तर त्याचा काय उपयोग?

नुसत्या हवेत केलेल्या काताचा झटापटीत फारसा उपयोग होत नाही. पंधरा वर्षं रोज काता करणाऱ्या माणसाचीही कोणी अचानक गचांडी धरली तर तो गोंधळतो, कारण त्या हालचाली त्याने दुसऱ्याच्या अंगावर कधी करूनच पाहिलेल्या नसतात. पाढे तोंडपाठ, पण हिशोब कधी केलाच नाही, अशी ती अवस्था.

पण काता मुळात एकट्याचा नाहीच. समोरचा माणूस त्यात असतो. त्याचं मनगट, त्याचं कोपर, त्याची मान तुमच्या हातात असते. सरावासाठी रोज जोडीदार मिळत नाही म्हणून तो तेवढा बाजूला काढलेला असतो. त्याला परत आणून समोर उभा करायचा आणि प्रत्येक हालचाल त्याच्यावर तपासून पाहायची, याला बुंकाई म्हणतात.

आणि हा समोरचा माणूस कराटेपटू नसतो. रस्त्यावरच्या भांडणात माणसं काय करतात ते आठवा. छातीला धक्का देतात, कॉलर धरतात, बखोटीला धरून ओढतात, मनगट पिरगाळतात, मागून विळखा घालतात, केस धरतात आणि हात घुमवून ठोसा मारतात. जुने काता याच गोष्टींची उत्तरं देतात, आणि तीही अगदी हातभर अंतरावरची. दोन मीटरवर उड्या मारत फिरणाऱ्या स्पर्धकाशी त्यांचा संबंध नाही. ही एक गोष्ट नीट समजली की काता वेगळाच दिसायला लागतो.

मग आम्हाला हे क्लासमध्ये का शिकवलं नाही?

याचं कारण ओकिनावाच्या, म्हणजे कराटे जिथून आलं त्या जपानच्या बेटाच्या, इतिहासात आहे. अंको इतोसु (१८३१ ते १९१५) यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांमध्ये कराटे आणलं. पिनान नावाचे पाच काता त्यांनी याच काळात बसवले. शाळेच्या मैदानावर रांगेत उभ्या असलेल्या मुलांकडून करून घ्यायची ती कवायत होती. तिथे गळ्यावर, डोळ्यांवर, सांध्यांवर करायच्या गोष्टी उघड शिकवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पुढे शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये तोक्योला गेले. त्यांनी या काताना हेइआन हे नाव दिलं आणि कराटे विद्यापीठांमध्ये पोचवलं. तिथेही मोठे वर्ग आणि तरुण मुलं. युद्धानंतर स्पर्धा आल्या. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या हॉलमध्ये आणि शाळांच्या मैदानांवर जे कराटे पोचलं ते या वाटेने आलेलं आहे.

त्यात तुमच्या सरांचा दोष नाही. त्यांना जसं मिळालं तसं त्यांनी पुढे दिलं. पण इतोसु यांचं मत आपल्याला माहीत आहे. १९०८ मध्ये लिहिलेल्या दहा मुद्द्यांच्या पत्रात ते म्हणतात की प्रत्येक चालीचा अर्थ आणि ती कुठे वापरायची हे समजून घेऊन मगच तिचा सराव करावा. आणि धरणं, सोडवणं यातलं बरंच ज्ञान तोंडी दिलं जातं. म्हणजे शाळेची कवायत बसवणाऱ्या माणसालाही अर्थाशिवाय सराव मान्य नव्हता.

गेदान बराई (हात खाली झटकून अडवणं), आगे-उके (हात वर नेऊन अडवणं) हे 'ब्लॉक' खरंच ब्लॉक आहेत का?

कधी कधी. बहुतेक वेळा ते दुसरंच काही करत असतात.

घरी करून पाहा. कोणाला तरी हातभर अंतरावरून, न सांगता, तुमच्या पोटाकडे हात टाकायला सांगा. तुम्ही आधी मूठ विरुद्ध कानाजवळ नेणार, दुसरा हात पुढे पसरणार आणि मग खाली झटका मारून अडवणार. तोवर त्याचा हात पोचलेला असतो. मग पिढ्यानपिढ्या जपलेल्या चालीत ही एवढी लांबलचक तयारी ठेवली कशाला?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रत्येक ब्लॉकच्या आणि पंचच्या वेळी दुसरा हात कमरेवर जातो. त्याला हिकिते म्हणतात. 'ताकद येते', 'कंबर फिरते' अशी कारणं सांगितली जातात. पण मारामारीत तोंडासमोरचा हात खाली कमरेवर नेऊन ठेवला तर डोकं उघडं पडतं. बॉक्सर असं कधीच करणार नाही. हे तेव्हाच शहाणपणाचं ठरतं, जेव्हा त्या हातात काहीतरी असतं: समोरच्याचं मनगट, बाही, कॉलर, केस. काताचा अर्थ लावताना आम्ही एकच नियम आधी शिकवतो. कमरेवर गेलेला हात काहीतरी धरून, खेचून तिथे आलेला आहे.

एका हाताने धरलं, खेचलं, तोल घालवला. दुसऱ्या हाताने मारलं किंवा दाबलं. हेइआन शोदानपासून कांकु दाईपर्यंत हाच धागा सापडेल.

काता चारही दिशांना वळतो. म्हणजे चार गुंडांशी लढायचं का?

हा गैरसमज जुना आहे. शितो-र्यू या कराटेच्या दुसऱ्या एका शैलीचे संस्थापक केन्वा माबुनी यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं की आठ दिशांना जाणारा काता आठ शत्रूंसाठी असतो ही समजूत चुकीची आहे. समोर एकच माणूस आहे. वळण सांगतं की तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला सरकायचं. काता डावीकडे नव्वद अंशांत वळला याचा अर्थ तुम्ही त्याच्या समोरून हटून बाजूला आलात, जिथून त्याचा दुसरा हात तुम्हाला लागत नाही.

एकशे ऐंशी अंशांची वळणं बऱ्याचदा खाली पाडण्याची असतात. धरलेल्या माणसाला घेऊन कंबर फिरवली की तो पायांवर राहत नाही.

एक चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगाल का? मी पांढरा बेल्ट आहे.

पांढऱ्या बेल्टला येणारी पहिलीच चाल घेऊ. हेइआन शोदान, डावीकडे वळून गेदान बराई.

प्रसंग असा: कोणीतरी उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलंय आणि ओढतोय. हात मागे खेचून सोडवायला जाऊ नका. तो ताकदीचा खेळ होतो आणि त्यात जड माणूस जिंकतो. उलट अर्धं पाऊल त्याच्याकडे जा. तुमचा उजवा हात पुढे पसरलेला, डावी मूठ उजव्या कानाजवळ: ही झाली काताची 'तयारी'. आता उजवा तळवा बाहेरून फिरवून त्याचंच मनगट पकडा आणि उजव्या कमरेकडे खेचा. त्याचं कोपर सरळ होतं आणि वर येतं. त्याच क्षणी डावा पाय पुढे टाका आणि कानाजवळचा डावा हात खाली येताना तुमच्या कोपराखालचं हाड त्याच्या कोपराच्या जरा वर, दंडाच्या मागच्या बाजूवर दाबा. हात तोच, रेषा तीच, जी तुम्ही हवेत शेकडो वेळा केली आहे. त्याचा खांदा खाली जातो, डोकं कमरेच्या खाली येतं. पुढच्या चालीत उजवा पाय टाकून जो पंच येतो तो कशासाठी हे वेगळं सांगायला लागत नाही.

आता यातली अडचण. मे महिन्यात, पंखा सुरू असलेल्या हॉलमध्येही ठाण्याच्या दमटपणाने मनगटं इतकी घामेजतात की पकड सटकते. क्लासमध्ये दोघीजणी ही चाल करत असताना नेहमी एकीचा हात दुसरीच्या मुठीतून निसटून बोटांपर्यंत जातो. म्हणून पकड मनगटाच्या मधोमध घ्यायची नाही. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे टोकदार हाड वर येतं, त्याच्या पुढे, तळहाताच्या बुडाशी घ्यायची. हाताचा पंजा मनगटापेक्षा रुंद असतो, तो मुठीतून सहज सरकत नाही. आणि पकड सुटलीच तर? डावा हात थांबवू नका. तो दंडावर न पडता मानेवर किंवा जबड्यावर पडेल. आपल्याला सुटका करून पळायचं आहे, त्यासाठी तेवढंही पुरतं.

याच काताची चौथी चाल, उजवी मूठ मागे घेऊन वरून हातोड्यासारखी आणायची, ही तर सरळसरळ मनगट सोडवण्याची चाल आहे. समोरच्याच्या अंगठ्याच्या दिशेने हात काढायचा, कारण पकडीत तेवढीच फट असते. आणि सुटलेला हात तसाच वरून त्याच्या गळपट्टीच्या हाडावर किंवा नाकावर.

कोणी मागून विळखा घातला तर?

हेइआन सान्दानचा शेवट पाहा. एक कोपर मागे, दुसरी मूठ खांद्यावरून मागे आणि कंबर बाजूला सरकते. मागच्याच्या बरगडीत कोपर, चेहऱ्यावर मूठ. पण या सगळ्यात खरं काम बाजूला सरकणारी कंबर करते, आणि तीच मुलं विसरतात. कंबर सरकली नाही तर कोपराला जागाच मिळत नाही. आधी वजन खाली टाका, गुडघे वाका, म्हणजे तो तुम्हाला उचलू शकणार नाही. मग सरका. मग कोपर. हात विळख्यात पूर्ण अडकले असतील तर टाचेने त्याच्या पायाच्या पंजावर जोरात.

आणि घुमवून आलेला ठोसा?

हेइआन निदानची पहिली चाल. दोन्ही हात एकदम वर, एक डोक्याच्या बाजूला ढालीसारखा, दुसरा कपाळापुढे. घाबरल्यावर माणूस आपोआप हात डोक्याकडे नेतो. ही चाल त्याच प्रतिक्रियेला आकार देते. म्हणूनच ती प्रसंगी आठवते. ढाल झाल्याबरोबर आत शिरा. घुमणाऱ्या हाताचा जोर टोकाला असतो, छातीजवळ तो उरत नाही.

लोकलच्या गर्दीत हात हलवायलाही जागा नसते. तिथे काताचं काय?

संध्याकाळी ठाण्याहून पनवेल किंवा वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर पकडणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच. त्यासाठी तेक्की शोदान आहे, ज्याचं ओकिनावातलं नाव नाइहांची. हा काता एकाच सरळ रेषेत, आडवा, किबा-दाचीत (घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात) चालतो. पुढे पाऊल टाकायला जागा नाही अशा ठिकाणी जे करता येईल तेवढंच त्यात आहे: एका हाताने मान किंवा खांदा ओढून घेणं, त्याच ओढीत दुसऱ्या कोपराचा फटका, पायाने पाय अडवणं, जवळच्या जवळ हात दाबून धरणं. चोकी मोतोबु (१८७० ते १९४४) हे प्रत्यक्ष मारामारीसाठी ओकिनावात प्रसिद्ध होते आणि याच काताला ते सगळ्यात जास्त महत्त्व देत.

पण डब्यातला नेहमीचा त्रास ही मारामारी नसते. तो असतो नको तिथे येणारा हात. तिथे कोपर मारण्याच्या आधी आवाज वापरा. मोठ्याने, स्पष्ट, त्याच्याकडे बघून: "हात काढ!" आपल्या लोकलमध्ये अजूनही आजूबाजूची माणसं वळून बघतात, मधे पडतात. हात परत आला तर त्याची बोटं धरून मागे वाकवा आणि हात सगळ्यांना दिसेल असा वर करा. रेल्वेची हेल्पलाईन १३९ आहे.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे इथल्या ऑफिसमधून मी रात्री उशिरा सुटते. स्टेशनपर्यंतचा रस्ता सुनसान असतो. कोणता काता शिकू?

कोणताही शिका, पण त्याआधी हे करा. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याने शॉर्टकट घेऊ नका, कंपनीची बस किंवा शेअर रिक्षा जिथून सुटते तिथेच थांबा. दोन्ही कानात इअरफोन नकोत. बॅग आडवी अडकवण्यापेक्षा एका खांद्यावर असू द्या, म्हणजे सोडून देता येते. स्टेशनच्या सबवेत शिरताना समोर कोण उभं आहे ते उतरण्याआधी बघा. मागून पावलं येत आहेत असं वाटलं तर वळून सरळ बघा. पाठलाग करणाऱ्याला आपण दिसलो हे कळलं की बरेचदा तो पांगतो. शंका आली की ११२ लावा, वाट बघू नका.

हे काताबाहेरचं वाटेल. इतोसु यांच्या पत्राचा पहिलाच मुद्दा मात्र हाच आहे की गुंडाशी गाठ पडली तर शक्यतो भांडण टाळावं.

चाकू असेल तर?

पाकीट द्या, मोबाईल द्या, आणि पळा. चाकूवरच्या 'सुंदर' बुंकाई व्हिडिओत खूप दिसतात. त्यात चाकूवाला एकदा वार करून हात तसाच पुढे ठेवून थांबतो. खरा माणूस वार करून हात मागे घेतो आणि पुन्हा, पुन्हा वार करतो. पळायला वाटच नसेल आणि तो जीवच घ्यायला आला असेल तर दोन्ही हातांनी त्याचा चाकूचा हात धरून ठेवणं आणि डोक्याने, गुडघ्याने, मिळेल त्याने मारत राहणं एवढंच उरतं. हे आम्ही मोठ्यांनाच शिकवतो, आणि शिकवतानाही सांगतो की यात जखम होणारच.

बाईकवरून चेन किंवा मोबाईल ओढणाऱ्यांवर काही चाल आहे का?

नाही. धावत्या बाईकशी झटापट करणारा माणूस फरफटत जातो. सोडून द्या. लोकलच्या दारात मोबाईल हातात धरून उभं राहू नका. रुळांच्या कडेने काठीचा फटका मारून मोबाईल पाडणारे असतात आणि मोबाईलमागे झुकून जीव गमावलेली माणसं आहेत. हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तक्रार जरूर करा.

बाईमाणूस बळकट पुरुषाला या चालींनी खरंच हटवू शकेल?

हटवणं जमेलच असं वचन आम्ही कोणाला देत नाही. वजन आणि ताकद यांचा फरक पडतो, तो नाकारणारे क्लास खोटं सांगतात. पण सुटका करून घेणं आणि त्याला हरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटायला दोन सेकंदांची फट लागते. आगे-उके म्हणून शिकलेला हात हनुवटीखाली वर गेला, किंवा हेइआन योन्दानमध्ये दोन्ही हातांनी डोकं धरून खाली खेचत गुडघा वर आला, की ती फट मिळते. मग वळायचं आणि उजेडाच्या, माणसांच्या दिशेने पळायचं. दुसरा फटका मारायला थांबायचं नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्या महिलांच्या बॅचमध्ये चाली लवकर येतात. जोरात मारायला आणि जोरात ओरडायला वेळ लागतो. लहानपणापासून 'हळू बोल, नीट बस' ऐकलेलं असतं. म्हणून काताच्या किआईवर, म्हणजे चालीबरोबरच्या आरोळीवर, आम्ही अडून बसतो. किआई पोटातून आलीच पाहिजे. ती स्पर्धेच्या गुणांसाठी नसते. स्वतःला मोकळं करण्यासाठी असते आणि समोरच्याला क्षणभर थबकवण्यासाठी असते.

साडी, ओढणी, लांब केस, चपला या सगळ्यासकट अधूनमधून सराव करा. ओढणी धरली गेली तर ती सोडून द्यायची असते, गळ्यात अडकू द्यायची नसते, आणि हे हाताला आधीच माहीत असलं पाहिजे.

माझं वय ५८ आहे, गुडघे दुखतात. जमेल?

जमेल. झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवलेला लांब पवित्रा) खोल घेऊ नका. खोल पवित्रा पाय बळकट करण्यासाठी आणि समोरच्याला खाली दाबताना वजन टाकण्यासाठी असतो. चालताना, उभं राहताना उंच पवित्राच बरा. पावसाळ्यात स्टेशनच्या ओल्या फरशीवर खोल पवित्रा घेणारा तरुणही घसरेल. तुमच्यासाठी मनगट सोडवणं, हात डोक्यावर ढालीसारखे घेणं आणि हनुवटीखाली तळवा मारणं एवढं पुष्कळ आहे.

मुलांना बुंकाई शिकवावी का?

आठ-दहा वर्षांच्या मुलांना सुटका, आवाज आणि पळणं. गळा, डोळे, सांधे मोडणं यातलं काही नाही. शाळेत कोणी दप्तर ओढलं, हात पिरगाळला, मागून मिठी मारली, तर सुटायचं कसं एवढं त्यांना नक्की द्या. आणि घरी येऊन सांगितलं तर आपण रागावणार नाही, हा विश्वास द्या. तो कराटेच्या क्लासमध्ये मिळत नाही, आईवडिलांकडेच मिळतो. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

माझ्या मुलीला जिल्हा स्पर्धेत कातामध्ये मेडल मिळालं. ती स्वतःचं रक्षण करू शकेल ना?

मेडलचं कौतुक आहे आणि त्यामागे खूप मेहनत असते. तोक्यो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या कातामध्ये सुवर्ण जिंकणारा र्यो कियुना ओकिनावाचाच. त्याच्या चालीत जो जोर आणि तोल दिसतो तो खरा आहे. पण स्पर्धेत गुण मिळतात ते वेग, लय, ताकद आणि नेमकेपणाला. समोर कोणी धरलेलं नसतं. सांघिक कातात पदकाच्या फेरीत बुंकाई दाखवतात, ती बसवलेली असते आणि प्रेक्षकांसाठी सजवलेली असते. तुमच्या मुलीचं शरीर तयार आहे. आता कोणीतरी तिचं मनगट खरोखर घट्ट धरून तिला ओढायला हवं.

प्रेशर पॉइंट?

धडधडत्या छातीने, थरथरत्या हातांनी कोणाला बोटभर जागेवरचा बिंदू सापडत नाही. मोठ्या हालचालींवर भर द्या.

शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू: स्वसंरक्षणासाठी कोणतं चांगलं?

शैलीपेक्षा शिकवणारा महत्त्वाचा. गोजू-र्यूमध्ये काकिए नावाचा, हाताला हात लावून ढकलण्या-ओढण्याचा जोडीचा सराव असतो. तो फार मोलाचा आहे आणि बाकीच्यांनीही खुशाल घ्यावा. शितो-र्यूच्या विद्यार्थ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांचा पिनान निदान म्हणजे आमचा हेइआन शोदान, आणि पिनान शोदान म्हणजे हेइआन निदान. वरची उदाहरणं वाचताना गोंधळ होऊ नये.

घरी किंवा क्लासमध्ये हा सराव कसा करायचा?

जोडीदार लागतो आणि त्याने प्रामाणिकपणे धरलं पाहिजे. सुरुवातीला हळू, दोघांनाही काय होणार हे माहीत असताना. हालचाल बसली की त्याने पकड घट्ट करायची. मग त्याने ओढायचं, ढकलायचं, चालवत न्यायचं. मग दुसरा हातही वापरायचा, म्हणजे तुम्ही मनगट सोडवण्यात गुंग असताना तो पॅड घातलेल्या मोकळ्या हाताने तुमच्या डोक्यावर मारेल. इथे बहुतेकांचा गोंधळ उडतो, आणि खरं शिकणं इथूनच सुरू होतं. शेवटी त्याने काय करायचं हे तुम्हाला सांगायचंच नाही.

सुरक्षेचे नियम कडक ठेवा. जोडीदाराने हात दोनदा आपटला की त्याच क्षणी सोडायचं. सांध्यावर दाब हळू, झटका कधीच नाही. गळ्यावरचा फटका सरावात छातीवर उतरवायचा. डोळ्यांकडे बोटं न्यायचीच नाहीत, तळवा कपाळावर ठेवायचा. पाडण्याचा सराव मॅटशिवाय नको, सोसायटीच्या टेरेसवर तर अजिबात नको.

आणि जे जोडीने केलं ते लगेच एकट्याने काता करून पाहा. आता हाताला समोरचं वजन आठवतं, खेच कमरेपर्यंत खरी जाते. काताचा एकट्याचा सराव तेव्हा सार्थकी लागतो.

किती दिवसांत येईल?

आठवड्यातून दोनदा, खरा विरोध करणारा जोडीदार असेल तर काही महिन्यांत मनगट, कॉलर आणि विळखा यातून सुटणं हातात बसतं. एका दिवसाच्या कार्यशाळेने हुरूप येतो, हात बसत नाही. आणि खूप काता गोळा करू नका. एका काताच्या तीन चाली कोणीही, कसंही धरलं तरी येतात, हे सव्वीस काता पाठ असण्यापेक्षा मोलाचं आहे.

मी स्वतःला वाचवताना समोरच्याला लागलं तर केस माझ्यावर होईल का?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे; जुन्या दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण कलम ३७ मर्यादा घालतं: बचावासाठी जेवढं गरजेचं तेवढंच, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराचा, अपहरणाचा, अ‍ॅसिड हल्ल्याचा प्रसंग अशा परिस्थितींसाठी कलम ३८ जास्त मोकळीक देतं.

म्हणून सरावातही 'सुटलो की थांबलो' ही सवय लावतो. धोका संपला की हक्कही संपतो. खाली पडलेल्या माणसाला लाथ मारणं हा बचाव राहत नाही. तुमच्यावर प्रत्यक्ष गुन्हा दाखल झाला तर वकिलाचा सल्ला घ्या, आमचा नाही.

सुटल्यावर पुढे काय?

माणसांत जा. ११२ लावा. कितीही किरकोळ वाटलं तरी अंगावरच्या खुणांचे फोटो काढा आणि डॉक्टरला दाखवा. मुका मार दुसऱ्या दिवशी कळतो. हद्द कोणाची यावर घोळ घालू नका. डब्यात ऐरोलीला घडलं आणि तुम्ही ठाण्याला उतरलात तरी कोणतंही पोलीस ठाणं झिरो एफआयआर घेऊ शकतं. त्या रात्री एकटं राहू नका.

क्लास निवडताना काय बघावं?

एक तास नुसते बसून बघा. काता झाल्यावर विद्यार्थी जोडीने धरून-सोडवून बघतात का? 'हा हात इथे का?' असं विचारलं तर सर करून दाखवतात की 'आधी पाच वर्षं कर, मग कळेल' म्हणतात? जोडीदार खरंच धरतो की स्वतःहून खाली पडतो? मुलींच्या बॅचला हात लावून शिकवताना परवानगी विचारली जाते का? पालकांना बसू देतात का? शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही' असेल तर तिथे मुलांना पाठवू नका, मग भिंतीवर कितीही ट्रॉफ्या असोत.

बूट घालून, ऑफिसच्या कपड्यांत सराव करू का?

जरूर, महिन्यातून एकदा तरी. पाठीवर लॅपटॉपची सॅक घेऊन वळून पाहा, तोल किती वेगळा जातो ते समजेल. ज्या हॉलमध्ये मॅट आहेत तिथे फक्त स्वच्छ तळव्याचे बूट आणा, आणि घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा. जोडीदाराला ओरखडे येतात.